घरी बघून पिच्चरला नावं ठेवायची की नाही?

रविवारची_झोप:
गेल्या महिनाभरात घरी तीन पिच्चर बघून झाले, मतं टाकतोय, शिव्या द्यायच्या तर द्या.

कोर्ट (२०१४). राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, व्हेनिसला गाजलेला, लोकांनी इतकं डोक्यावर घेतलाय की बघितला नाही म्हटलं की समोरचा आपल्याकडे दयेने बघतो, म्हणून एकदाचा लावला. विषय भारीच आहे, एका लोकशाहिरावर खटला, का तर म्हणे त्याचं गाणं ऐकून मॅनहोल साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. पण कॅमेरा एका जागी उभा करून सगळे कुठेतरी निघून गेले की काय असं वाटत राहतं, माणसं येतात, बसतात, तारीख घेतात, जातात. आणि शेवट तर नाहीच. कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद, पडदा काळा, संपला. शाहिराचं काय झालं ते कोणी सांगायलाच तयार नाही. १० पैकी ५.

डिसायपल. त्याच दिग्दर्शकाचा, चैतन्य ताम्हाणेचा, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाचा. हा मी दीडपट स्पीडने बघितला कारण साध्या स्पीडला अर्ध्या तासात माझं घोरणं त्याच्या तानपुऱ्यात मिसळायला लागलं. १० पैकी ४.

तुंबाड. भयपट, जबरदस्त. पण दुपारी लावला होता, त्यामुळे अर्धा पिच्चर काळ्या स्क्रीनमध्ये माझंच तोंड दिसत होतं. तरी ८.

आता मुद्दा. आमच्या ग्रुपमध्ये एक जण म्हणतो की घरी बघितलेला पिच्चर हा बघितलेला धरायचाच नाही, त्यावर मत द्यायचं तर नाहीच नाही. मला हे पटत नाही. पिच्चरमध्ये दम असेल तर तो मोबाइलवरसुद्धा धरून ठेवतो, नसेल तर थेटरात पण झोप येतेच. तुमचं काय म्हणणं?

मागची_रांग:
एक मिनिट. कोर्टमध्ये पडदा काळा झाल्यावर तुम्ही काय केलंत?

रविवारची_झोप:
टीव्ही बंद केला. का?

मागची_रांग:
अहो पिच्चर संपला नव्हता तो!

रिमोट_माझ्याकडे:
😂😂😂 अरे देवा

रविवारची_झोप:
काय सांगता? नावं सरकतील आता म्हणून मी उठलोच.

मागची_रांग:
हेच ते, याचसाठी मी दहा वर्षं भांडतोय लोकांशी. तो अंधार मुद्दाम ठेवलाय. महिनाभर कोर्ट बंद, आजारी म्हातारा शाहीर आत, आणि तुम्ही त्या रिकाम्या काळ्या कोर्टाकडे बघत बसायचं, नुसतं बसायचं, काही होत नाही म्हणून चुळबुळ करायची. थेटरात काय होतं, लोक उठायला लागतात, कोणीतरी बॅग उचलतं, आणि तेवढ्यात पुढचा सीन सुरू होतो, मग सगळे अवघडून परत खाली बसतात. पुढे काय आहे ते सांगत नाही, पण 'शेवटच नाही' म्हणून तुम्ही जे मार्क कापलेत ना ते निमूटपणे परत करा. घरी बघण्याचा प्रॉब्लेम छोटा स्क्रीन नाहीये हो, प्रॉब्लेम हा आहे की बंद करायचं बटण तुमच्या हातात असतं.

रिमोट_माझ्याकडे:
दादा, तुमचा मुद्दा कळला पण हे जे 'थेटरातच बघा' आहे ना त्याचा मला मनापासून राग येतो. बोलणारे सगळे असे असतात ज्यांना तीन तास घराबाहेर जाताना कोणाची सोय लावून जावं लागत नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, मुलगी चार वर्षांची आहे, मी शेवटचं थेटर कधी बघितलं ते आठवत पण नाही. मी पिच्चर बघते रात्री साडेदहानंतर, एका कानात हेडफोन, दुसरा कान आतल्या खोलीकडे. एक पिच्चर तीन रात्रीत होतो. म्हणजे मी बघितलाच नाही का? उलट तीन दिवस तो डोक्यात चालू असतो, भांडी घासताना सुद्धा मी विचार करत असते की आता ती काय करेल. थेटरवाले बाहेर पडून पार्किंगमध्ये गाडी शोधेपर्यंत विसरलेले असतात.

आणि तुंबाडचं सांगते. २०१८ ला आला तेव्हा किती जणांनी थेटरात बघितला? घरी बघून, एकमेकांना सांगून सांगून लोकांनी त्याला मोठं केलं. मग २०२४ च्या सप्टेंबरमध्ये परत लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. आम्हा घरी बघणाऱ्यांना मत द्यायचा हक्क नसता तर तो दुसऱ्यांदा लागला असता का?

खडूस_काका:
ताई, तुंबाडचं उदाहरण उलटं पडतंय की. घरी बघून झालेला असताना पैसे टाकून लोक परत थेटरात का गेले मग? काहीतरी राहिलंय असं वाटलं म्हणूनच ना.

रिमोट_माझ्याकडे:
आवडला म्हणून गेले. आवडलेलं परत बघतात लोक, त्यात राहिलंय काय आणि.

विलंबित_ख्याल:
धागाकर्ते, बाकी सगळं माफ, पण डिसायपल दीडपट स्पीडने??? अहो त्या पिच्चरचा विषय काय आहे! एक मुलगा वर्षानुवर्षं रियाज करतो आणि तरी ते गळ्यात येत नाही. आणि तुम्ही विलंबित ख्याल, म्हणजे मुळातच संथ लयीत गायचं गाणं, दीडपट पळवलात. हल्ली स्पीड वाढवली तरी सूर चढा होत नाही, सॉफ्टवेअर ते सांभाळतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की काही बिघडलं नाही. पण दोन स्वरांमधली जी जागा असते ती गेली ना, आणि गाणं तिथेच असतं. त्यातले गुरुजी म्हणजे अरुण द्रविड, नायक आदित्य मोडक, दोघंही खरे गायक आहेत, उगाच तोंड हलवायला बसवलेले नट नाहीत. तो रात्री मोटरसायकलवरून जातो आणि कानात माईंचा, म्हणजे गुरुजींच्या गुरूंचा आवाज चालू असतो (आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा) ते सीन मुद्दाम स्लो मोशनमध्ये आहेत. त्यांनी संथ केलेलं तुम्ही परत फास्ट केलंत, म्हणजे बाकी काही नाही तर साधी गाडी चालवणारा माणूस बघितलात 😄

रविवारची_झोप:
हे मोटरसायकलचं खरं आहे, मला ते नॉर्मलच वाटलं होतं 🙈 पण मग ॲपवाले सोय देतातच कशाला?

विलंबित_ख्याल:
नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये त्याची चाचणी सुरू केली तेव्हा ब्रॅड बर्ड, जड अपॅटो असे दिग्दर्शक जाहीर भडकले होते, तरी २०२० मध्ये आलंच. लोकांना हवं होतं म्हणून आलं. सोय आहे म्हणून वापरायलाच पाहिजे असं थोडीच आहे.

टाइमपास_टोळी:
एवढं काय मनाला लावून घेताय सगळे. पुस्तक वाचताना पानं गाळतोच की आपण, तेव्हा लेखक घरी येऊन भांडतो का? पिच्चर घेतला, आता माझा आहे, उलटा बघेन.

विलंबित_ख्याल:
बघा की उलटा. फक्त मग सरळ बघणाऱ्यांना १० पैकी ४ सांगू नका.

वायरींचा_गुंता:
मधेच एक तांत्रिक मुद्दा टाकतो कारण याबद्दल कोणी बोलतच नाही. निम्म्या लोकांनी घरी जे बघितलंय ते दिग्दर्शकाने बनवलेलंच नसतं. सिनेमा साधारण सेकंदाला २४ फ्रेमने शूट होतो. नवीन टीव्हीत एक सेटिंग कंपनीतूनच चालू येतं, ते दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या मनाने नवीन फ्रेम बनवून घालतं, म्हणून सगळं नको तितकं गुळगुळीत दिसतं, मोठा खर्चिक पिच्चर पण मालिकेसारखा वाटायला लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझने खास व्हिडिओ काढून लोकांना ते बंद करायला सांगितलं होतं. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं पण बहुतेकदा मोशन असा शब्द कुठेतरी असतो, ते बंद करा. काही टीव्हीत फिल्ममेकर मोड म्हणून असतो, तो लावला की बरंचसं आपोआप होतं.

दुसरं म्हणजे संवाद ऐकू येत नाहीत म्हणून सगळे आवाज वाढवतात आणि मग मारामारी आली की शेजारी जागे. थेटरात संवादांना मधला वेगळा स्पीकर असतो. घरी तेच सगळं टीव्हीच्या दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबलं जातं, त्यातही ते बहुतेक वेळा खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. ऑडिओत ५.१ (सहा स्पीकरसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरचा) निवडा, फरक पडतो. आणि तुंबाड दुपारी बघायचा तर पडदे ओढा राव, फुकट आहे ते.

खडूस_काका:
सेटिंग करून होईल हो सगळं, पण माणसाचं सेटिंग कोण करणार. मी परवा घरी एक पिच्चर बघताना स्वतःवरच लक्ष ठेवलं. पहिल्या चाळीस मिनिटांत फोन अकरा वेळा उचलला. अकरा! त्यातले दोनदा तर फक्त किती वाजले बघायला, भिंतीवर घड्याळ समोर असताना. आणि बायकोला विचारतोय, हा कोण, हा मगाशी होता का? ती म्हणाली होता, तुम्ही खाली बघत होतात. म्हणून मी म्हणतो घरी बघा, पण अकरा वेळा फोन बघितला असेल तर मत देताना तेही लिहा. पिच्चर संथ की आपण पळतोय हे समोरच्याला कळू दे.

टाइमपास_टोळी:
काका, थेटरात पण लोक फोनच बघतात. पुढच्या रांगेत चार उजेड असतात कायम. निदान घरी तो उजेड माझा स्वतःचा असतो.

रिमोट_माझ्याकडे:
+१

मागची_रांग:
धागाकर्ते, तुम्हाला एकच विचारतो. त्या मॅनहोल कामगाराच्या बायकोची साक्ष आठवते का? काय म्हणते ती?

रविवारची_झोप:
अं... तो दारू प्यायचा असं काहीतरी. वकील विचारतो आणि ती खाली बघून उत्तरं देते. खरं सांगायचं तर तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर काहीतरी चालू होतं.

मागची_रांग:
ती सांगते की नवरा आत उतरायच्या आधी एक दगड टाकायचा आणि थांबायचा. झुरळ बाहेर आलं तर उतरायचा. का, तर झुरळ जिवंत आहे म्हणजे आत हवा आहे. बास. आवाज चढवत नाही, रडत नाही, कॅमेरा जवळ जात नाही, मागे संगीत नाही. दुकानाचा पत्ता सांगावा तसं सांगते. तिथे कॅमेरा हलला असता, जोरात व्हायोलिन वाजलं असतं, तर तुमचं डोकं फोनमधून वर आलं असतं हे मला मान्य आहे. पण तसं केलं नाही म्हणूनच मला ते झुरळ अजून आठवतं. दम असेल तर धरून ठेवतो म्हणता ना, काही पिच्चर धरतच नाहीत, आपणच त्यांना धरायचं असतं.

टाइमपास_टोळी:
दिवसभर ऑफिसला धरायचं, घरी आल्यावर पिच्चरला पण आम्हीच धरायचं 🙏

रिमोट_माझ्याकडे:
मागची रांग, मला ती साक्ष आठवते, आणि मी तो पिच्चर घरीच बघितलाय, तीन रात्रीत. दुसरी रात्र मी तिथेच थांबवली होती कारण पुढे बघवेना. थेटरात ते थांबवता आलं नसतं, पुढचा सीन आलाच असता. त्यामुळे बटण हातात असण्याचं पाप सगळं आमच्यावर ढकलू नका.

मागची_रांग:
ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्यापुरतं मागे घेतो. धागाकर्त्यांपुरतं नाही.

रविवारची_झोप:
बरं. आत्ता उरलेला बघून आलो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला होता, खोटं बोलत नाही. साक्ष पण मागे जाऊन परत बघितली. मग तो अंधार, खरंच किती वेळ काळं आहे, माझा हात दोनदा रिमोटकडे गेला. आणि मग ते न्यायाधीश साहेब कुटुंबकबिल्यासह सहलीला. बाकावर डुलक्या घेतात, पोरं कानाशी येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एकाला ठेवून देतात आणि परत डोळे मिटतात. मी जरा वेळ तसाच बसलो. नावं सरकायला लागली तोवर ॲपने कोपऱ्यात दुसऱ्याच कुठल्यातरी कॉमेडीची जाहिरात चालू केली, तेव्हा मात्र घरी बघण्याची लाज वाटली.

संथ आहे हे माझं मत कायम आहे. शेवट नाही हे मागे घेतो. १० पैकी ७.

खडूस_काका:
आणि डिसायपल?

रविवारची_झोप:
काका, एका आठवड्यात एकच.