बस्ता म्हणजे दप्तर की लग्नाचे कपडे?

शेजारची पोरगी उर्दू शाळेत नववीला आहे. परवा माझ्या लेकीबरोबर अभ्यास करून निघताना म्हणाली, "आंटी, मेरा बस्ता किधर है?" सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्यात कुणाचा बस्ता बांधायलीस?" पोरगी लाजून लाल. आमच्याकडं परभणीत बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची खरेदी, तिचं ते शाळेचं दप्तर. शब्द एकच का दोन?

– एकच. फारसीत बस्ता म्हणजे बांधलेलं. कापडात वह्या-पुस्तकं बांधली की शाळेचा, साड्या बांधल्या की लग्नाचा, म्हणून तर आपण बस्ता 'बांधतो'. आणि दप्तर पण तिकडूनच आलंय, उर्दूत दफ्तर म्हणजे ऑफिस, म्हणजे तुमची लेक रोज पाठीवर ऑफिस घेऊन जायलीय.

– माझे आजोबा घरी मराठीच बोलायचे पण शिकले निजामाच्या काळात फौकानियात, सगळं उर्दूतून (फौकानिया म्हंजे हायस्कूल, त्याच्या खाली तहतानिया, वस्तानिया). ते शेवटपर्यंत बस्ताच म्हणायचे, त्यांना कुणी हसलं नाही बरं.

– हो ना, तेच तर. ही पोरगी घरी दखनी बोलते, म्हंजे इकडची दख्खनची उर्दूसारखी बोली, "नक्को", "मेरेकू", असं. शाळेत उर्दूचे सर म्हणतात नक्को ही उर्दू नाही, नहीं चाहिए म्हण. आणि गल्लीतल्या मराठी शाळेच्या पोरी तिच्या मराठीतल्या नक्कोला हसतात, आता नक्को हा आपलाच नको आहे की, जरा जोर दिलेला! मागं एक फॉर्म भरताना मातृभाषेच्या रकान्यापाशी अडली, तिच्या भाषेत मादरी जबान. "उर्दू लिखूं क्या आंटी? लेकिन अम्मी तो वैसी उर्दू बोलतीच नै." मी म्हणले लिही उर्दू, पण मलाच पटलं नाही.

– दखनी लिहायचं होतं की सरळ.

– तिनं तेच विचारलं, पण मग म्हणली शाळेतून परत पाठवतील. उर्दूच लिहिलं शेवटी. बाकी सासूबाई आता ती दिसली की विचारतात, बस्ता बांधला का गं, आणि ती म्हणते, "हौ आजी, शाळेचा." हौ तर दोघींचा सारखाच.