जिल्हा परिषदेच्या शाळेत सर्जनशीलता आदेशाने येते का?

खडूवाला: सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, मुलं ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे स्वतः करून-अनुभवून शिकू लागली, तेव्हा ते बघायला राज्यभरातून शिक्षक गेले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्याच्या कार्यक्रमाचा जीआर आला आणि त्या सुमारास गावोगावी वर्गांच्या फरश्यांवर अक्षरं-अंक शिकायच्या आखण्या रंगल्या. आमच्याही. पण कुमठ्याच्या बाईंनी समोरचं मूल कुठे अडतंय ते बघून आखणी केली होती. आम्ही आखणी तेवढी उचलली.

आठवड्याचे दोन तास वर्गशिक्षकाला मोकळे द्या. मुलं लिहितील, नाटक बसवतील, ओढ्यावर जातील. त्याचा फोटो ग्रुपवर मागू नका, लिंक भरायला लावू नका. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांनी, भेटीला आल्यावर मुलांच्या वह्या वाचाव्यात, एवढंच.

निवृत्त केंद्रप्रमुख: सर, तुमच्यासारख्यांच्या हातात दोन तास सार्थकी लागतील. पण राज्यात जिल्हा परिषदेच्या हजारो शाळा आहेत. जिथे शिक्षकाला उत्साह नाही, तिथे ते दोन तास मुलं नुसती बसून काढतील. आणि ही मुलं कुणाची? घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही अशांची. चौथीतल्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही, तेव्हा मला त्याच्या नाटकाआधी त्याच्या वाचनाची काळजी वाटते. फरश्यांची नक्कल झाली, खरं आहे. पण त्याच लाटेत कितीतरी वर्गांत मुलं रांगा मोडून गोल करून बसली. वरून रेटा नसता तर तेही झालं नसतं.

दोन वर्गांची बाई: दादा, आधी वाचन आणि मग सर्जन, ही उतरंडच मला पटत नाही. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र बसतात. 'माझा आवडता प्राणी'वर चार ओळी न लिहिणाऱ्या मुलीने विहिरीवरची मोटर जळली त्या दिवशी घरी काय झालं, ते पानभर लिहिलं. शुद्धलेखन चुकलेलं. पण वर्गात वाचून दाखवायचं म्हटल्यावर 'ट्रान्सफॉर्मर' कसं लिहायचं ते तिनेच येऊन विचारलं. जोडाक्षर असंही येतं. बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शंख, बिया, पानं हीच साधनं केली. त्याला कुठे खर्च लागला?

निवृत्त केंद्रप्रमुख: ताई, कोसबाड ही ध्येयाने उभी राहिलेली संस्था होती. आपल्याकडे बदल्या होतात. चांगली बाई गेली की तिचा उपक्रम तिच्याबरोबर जातो, हे मी किती गावांत बघितलंय! मागे काय उरतं ते सांगा.

खडूवाला: बदलीचा मुद्दा सगळ्यात खरा आहे. म्हणून प्रत्येक वर्गाचा हस्तलिखित अंक शाळेत राहावा. नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळेल, ही मुलं काय विचार करतात. आपल्या केंद्रातल्या शाळांचे शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत एक तास हे अंक वाचायला ठेवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती आणि शोध यांतून शिकण्याचं लिहिलंच आहे. मग तो वेळ माहिती भरण्यात का जातो?

निवृत्त केंद्रप्रमुख: अंक मान्य. पण त्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचं पान हवं. अजून वाचता न येणाऱ्याने चित्र काढावं, सांगावं, बाईंनी ते लिहून घ्यावं. हुशार पाच जणांचा अंक निघणार असेल तर माझा विरोध कायम आहे.