मदत हवी आहे : भावाच्या आवाजाची जुनी कॅसेट

माझा धाकटा भाऊ १९९४ ला गेला, विहिरीत बुडून, ११ वर्षांचा होता. फोटो दोनच आहेत, पण परवा आईच्या ट्रंकेत त्याने स्वतःचा आवाज भरलेली ६० मिनिटांची कॅसेट सापडली, आरती म्हणता म्हणता मधेच हसतो आणि मागून आई ओरडते असं आठवतंय. पण कोकणातली हवा, टेपवर पांढरी बुरशी दिसतेय, लावायची हिंमतच होत नाहीये, अडकून तुटली तर संपलंच ना. प्लेअर लॅपटॉपला जोडून ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करता येतं एवढं कळलंय, पण आधी बुरशी कशी काढू? मुंबई-पुण्यात कोणी खात्रीने करून देतं का? कुरियरने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन. पितृपक्षाआधी झालं तर बरं, आईला ऐकवायचंय.