पारसिकच्या बंद दगडखाणी: पर्यटनस्थळ करावे की डोंगराला मोकळे सोडावे?

धागा – वाशीकर

पारसिकच्या डोंगररांगेतील ज्या दगडखाणी बंद पडल्या, त्यांचे पुढे काय करायचे हा विषय नवी मुंबईत अधूनमधून निघतो आणि ‘उद्यान करून टाका’ या सूचनेपाशी संपतो. माझे मत असे की तिथे कारंजी आणि रोषणाई नको. खाण ही खाण म्हणूनच लोकांना दाखवावी.

कामानिमित्त मी जर्मनीतील एसेनला गेले होते. शाळेच्या भूगोलात ज्या ऱ्हूरचा कोळसा आपण पाठ केला, तिथे आज एकमेकांना खेटून वसलेल्या शहरांमध्ये सुमारे ५० लाख लोक राहतात. त्सोलफराइन ही तिथली कोळसाखाण १९८६ साली बंद झाली आणि २००१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. कोळसा धुण्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. लांबलचक सरकत्या जिन्याने २४ मीटर उंचीवर पोहोचले की जुनी यंत्रे होती तिथेच उभी दिसतात. शेजारच्या डुइसबर्गमध्ये १९८५ साली बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात, खनिज साठवण्याच्या भिंतींवर आज गिर्यारोहक सराव करतात.

आपल्याकडे दाखवण्यासारखे काही नाही, असे कोणी म्हणू नये. नेरूळच्या बाजूला एका कड्यावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या अर्धनळ्या अजून शाबूत आहेत. त्यांत बोट फिरवले की दगडाची बारीक पूड हाताला लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण तिथे उघडा पडला आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या या शहराच्या रस्त्यांत व इमारतींत याच डोंगराची खडी आहे. हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

प्रतिसाद – तुर्भेकर

माझा या कल्पनेला विरोध आहे. माझे वडील खाणीत घण मारत आणि आई पाटीने ट्रक भरत असे. मजुरी ब्रासवर मिळायची, म्हणजे शंभर घनफूट खडी भरेपर्यंत हातात काहीच पडत नसे. क्रशरची धूळ भाकरीच्या पिठावर बसायची, आणि आईचा खोकला क्रशर थांबल्यावरही गेला नाही.

ऱ्हूरचे उदाहरण देताना मजुरांचे काय झाले, तेही सांगायला हवे होते. कोळसा उत्पादन थांबवण्याचा निर्णय तिथे २००७ साली झाला आणि बोट्रोपची शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या ११ वर्षांत कामगारांना सक्तीने काढायचे नाही, असे ठरवूनच माणसे निवृत्तीकडे किंवा दुसऱ्या कामाकडे नेली गेली. आमच्याकडे एका सकाळी क्रशर सुरू झाला नाही, इतकीच सूचना मिळाली. डोंगराच्या उतारावरील आमची घरे आजही कागदावर आमची नाहीत. पर्यटक येणार म्हटल्यावर सर्वांत आधी कोणाची झोपडी डोळ्यांत खुपेल, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

प्रतिसाद – ऐरोलीकर

मी स्थापत्य अभियंता आहे आणि माझी हरकत सुरक्षिततेची आहे. खाणीचे कडे सुरुंगांनी आतून तडकलेले असतात. पावसाळ्यात त्या फटींत पाणी मुरते आणि शिळा सुटतात. खड्ड्यांत साचलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात बंदीचे आदेश काढूनही माणसे बुडाली आहेत.

ऱ्हूरने पर्यटनातून भूतकाळ फेडला, हा समज मला चुकीचा वाटतो. खाणींमुळे तिथली जमीन काही ठिकाणी २० मीटरहून अधिक खचली. खचत्या जमिनीत नळ टिकत नाहीत, म्हणून एम्शर नदीच उघडी गटारगंगा केली गेली आणि ती सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ साल उजाडले. खाणींतील पाणी उपसणारे पंप तर कायमचे चालवावे लागणार आहेत आणि त्या खर्चासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभारावे लागले. आपल्याकडे तिकीटघर उघडेल, परंतु कड्याची पाहणी दर वर्षी कोण करील? कुंपण घालावे, उतार बांधून घ्यावेत आणि डोंगर झाडांच्या हवाली करावा.

धागालेखिकेचे उत्तर – वाशीकर

ऐरोलीकर, आपले म्हणणे मला निम्मेच पटले. धोका आहे, म्हणून कड्याखाली कोणाला जाऊ देऊ नये. परंतु सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी एक भक्कम सज्जा आणि चार माहितीफलक एवढ्याने काम भागते. पूर्ण झाकून टाकलेला डोंगर दोन पिढ्यांनी नैसर्गिक वाटू लागेल आणि इथे कोणी राबले होते, हेच पुसले जाईल.

तुर्भेकर, आपल्या प्रतिसादाने माझ्या मांडणीतील मोठी उणीव दाखवली. घरांचे कागद आधी आणि पर्यटन नंतर, हा क्रम मी मान्य करते. त्सोलफराइनमध्ये खाणीत काम केलेली माणसेच पाहुण्यांना फिरवत आली आहेत. इथेही ते काम वस्तीतील लोकांकडेच, रीतसर पगारावर, असावे.

प्रतिसाद – तुर्भेकर

क्रम मान्य केलात, याबद्दल आभार. वडिलांचा घण आमच्या घरी दाराआड उभा असतो. दांडा तीनदा बदलला आहे आणि लोखंडाचे तोंड एका बाजूने झिजून तिरपे झाले आहे, कारण त्यांचा वार नेहमी डावीकडून पडे. वस्तीतील घरे रहिवाशांच्या नावावर झाली, तर तो घण मी स्वतः आणून देईन आणि तो कसा धरायचा, हेही मुलांना दाखवीन. तोपर्यंत माझा विरोध नोंदवून ठेवावा.