मदत हवी आहे : पाठ-मानदुखीचा कोणता रुग्ण बरा होईल, हे आधी कसं ओळखता?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सारखीच कंबरदुखी घेऊन आलेल्या दोघांपैकी एक सहा आठवड्यांत कामावर जातो, दुसरा सहा महिन्यांनीही तिथेच. एमआरआय पाहून हे सांगता येत नाही. काहीच दुखत नसलेल्यांच्याही मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात!

कंबरेसाठी मी 'स्टार्ट बॅक' ही 9 प्रश्नांची प्रश्नावली वापरते. एकूण गुण 3 किंवा कमी असतील तर दुखणं रेंगाळण्याचा धोका कमी. 4 किंवा जास्त असतील, तर शेवटच्या 5 प्रश्नांचे गुण वेगळे बघायचे. तिथेही 4 किंवा 5 आले की धोका जास्त. हे प्रश्न भीती, चिंता, उदासी, 'आता हे कधीच बरं होणार नाही' या भावनेबद्दल असतात. माझा अनुभवही तोच, हालचालीला घाबरणारा रुग्णच जास्त रेंगाळतो.

अडचण मानदुखीची आहे. 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स'चे 10 प्रश्न आज त्रास किती ते सांगतात, पुढचं मला तरी त्यातून उमगत नाही. मानेच्या रुग्णांसाठी तुम्ही पहिल्या भेटीत काय विचारता? आणि धोका जास्त निघाला तर रुग्णाला ते न घाबरवता कसं सांगता?