मदत हवी आहे: व्हिक्टोरियन घराच्या भिंतीला नवी भिंत जोडायची कशी?

लंडनमधलं 1890 च्या दशकातलं टेरेस घर (रांगेतलं, शेजारच्या घरांना चिकटलेलं). मागे 3 मीटरचं एकमजली स्वयंपाकघर वाढवायचंय. परवानगी आणि शेजाऱ्यांना द्यायची पार्टी वॉल (सामाईक भिंतीची) नोटीस झालीय. जुनी भिंत 9 इंची, भरीव, चुन्यातली. पाया उथळ, खाली चिकणमाती. नवा पाया 1 मीटर खोल, म्हणजे दोन्ही भाग वेगवेगळे खचणार.

65 मिमीच्या नव्या विटा रचून पाहिल्या, तर दहा थरांत जुन्या दरजांशी 3 सेंटिमीटरचा फरक पडला, फारच खुपतं. म्हणून 68 मिमीच्या जुन्या पिवळ्या विटा आणि एनएचएल 3.5 (नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्याने घट्ट होणारा) चुना घेतलाय. सिमेंट नकोच, मऊ विटेचे पापुद्रे सुटतात.

आता जुन्या भिंतीत दाते काढून (एकाआड एक थरात खाचा पाडून) नव्या विटा गुंतवाव्यात, की स्टेनलेस स्टीलचे स्टार्टर (जुन्या भिंतीवर बसवून नवी भिंत धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) लावून उभी सरळ दरज ठेवावी? ठेवली तर ती 10 मिमीची फट कशाने भरू, म्हणजे हालचालही सोसेल आणि चुन्यासारखीच दिसेल?