पेटुनियाचा शेंडा खुडायला घाबरू नका
पेटुनिया नुसताच लांबत चाललाय, फूल एखादंच टोकाला येतंय, असं तुम्ही लिहिलंय. शेंडा खुडलात का? रोप चार बोटं उंच झालं, पाच-सहा पानं आली की वरचा शेंडा नखाने खुडायचा. आलेली कळीही त्यात जाते, जीव तुटतो, पण थोड्याच दिवसांत पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात आणि कुंडी भरते.

ऊनही बघा. आमच्या पुण्यातल्या बाल्कनीत सकाळचं ऊन जेमतेम तीन तास. तिथली रोपं कायम रोडावलेली. त्याच कुंड्या गच्चीवर नेल्या, पाच-सहा तास ऊन मिळालं आणि जानेवारीत फुलांखाली पानं दिसेनाशी झाली!

पुढच्या वेळी बियांपासून करणार असाल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरा. बी खसखशीहूनही बारीक असतं. मातीत पुरू नका, रुजायला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरायचं, बोटाने हलकेच दाबायचं आणि पाणी खालून ताटलीतून द्यायचं. वरून झारी धरली की सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं.

युरिया नकोच, नुसती पानं माजतात. सुकलेलं फूल काढताना फक्त पाकळ्या ओढू नका, खालचं हिरवं बोंड देठासकट काढा. नाहीतर झाड बी धरतं आणि फुलं आटतात. आणि पानं बोटांना चिकटतात तो रोग नव्हे. हा टोमॅटो-तंबाखूच्या कुळातला, त्याची पानं तशीच.